दुकानात बंदूक नको, हे आधी कोणी सांगायचं?

अमेरिकेत गिऱ्हाइकाला 'बंदूक घेऊन आत येऊ नका' असं बजावण्याचा हक्क दुकानमालकाला आहे, यावर फारसा वाद नाही. पार्किंगमधल्या बंद गाडीत ठेवलेल्या बंदुकीपुरता काही राज्यांनी तो छाटला आहे, तेवढंच. खरं भांडण वेगळंच आहे. मालक काहीच बोलला नाही, तर त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ काय धरायचा? टेक्सासनं तो होकार धरला, हवाईनं २०२३ मध्ये नकार धरला. दारावरच्या पाट्यांचा सगळा इतिहास या एका मुद्द्यावरून उलगडतो.

एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे नव्यानं वसलेल्या गावांत हा प्रश्न दुकानदारापर्यंत पोचतच नसे, कारण बंदी गावच घाली. ॲरिझोनातल्या टूमस्टोननं एप्रिल १८८१ मध्ये नववा अध्यादेश काढून गावात शस्त्र बाळगायला मनाई केली. बाहेरून येणाऱ्यानं बंदूक तबेल्यात, हॉटेलात किंवा दारूच्या गुत्त्यात जमा करायची आणि गाव सोडताना परत घ्यायची, असा रिवाज होता. २६ ऑक्टोबर १८८१ ला ओ. के. कोरल या तबेल्याजवळ झालेल्या प्रसिद्ध चकमकीच्या काही तास आधी, त्या चकमकीतल्याच आइक क्लँटनला याच नियमाखाली २५ डॉलर दंड झाला होता. सिनेमांनी ज्या गावाला मोकाट गोळीबाराचं गाव करून टाकलं, तिथला कायदा आजच्या टेक्सासपेक्षा कडक होता.

टेक्सासनंही १८७१ मध्येच पिस्तूल बाळगण्यावर बंधन घातलं होतं आणि ते जवळपास सव्वाशे वर्षं टिकलं. ते मोडलं किलीन गावातल्या लुबीज कॅफेटेरियातल्या हत्याकांडानंतर. १६ ऑक्टोबर १९९१ ला तिथं २३ जण मारले गेले. तिथं जेवायला आलेल्या सुझॅना हप यांचे आईवडील त्यांच्यासमोर मारले गेले. सुझॅना यांचं रिव्हॉल्व्हर कायद्याच्या धाकानं बाहेर गाडीत ठेवलेलं होतं. त्यांची साक्ष आणि पुढची मोहीम यांनी वातावरण बदललं आणि १ जानेवारी १९९६ पासून परवानाधारकांना लपवलेलं पिस्तूल बाळगायची मुभा मिळाली.

लगेच दुकानदारांनी आपापल्या पाट्या लावल्या. पिस्तुलाच्या चित्रावर लाल काट, कुठं हातानं लिहिलेला कागद. परवानाधारकांची तक्रार अशी की नकळत गुन्हा घडेल. १९९७ मध्ये दंडसंहितेत कलम ३०.०६ आलं आणि मालकाचा नकार नेमका कसा दिसला पाहिजे, हे कायद्यानंच ठरवलं. मजकूर कायद्यातला, शब्दाला शब्द. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत. ठसठशीत अक्षरं, किमान एक इंच उंच, पार्श्वभूमीहून उठून दिसणाऱ्या रंगात. लोकांना स्पष्ट दिसेल अशा जागी. एवढं लिहिता लिहिता दाराची काच भरून जाते. लाल काट मारलेलं पिस्तुलाचं चित्र कोणालाही कळतं, पण परवानाधारकाविरुद्ध या कलमाखाली ते चालत नाही.

२०१६ मध्ये परवानाधारकाला पिस्तूल उघडपणे कमरेला लावायची परवानगी मिळाली आणि तिच्यासाठी वेगळं कलम आलं, ३०.०७. त्याची पाटी प्रत्येक प्रवेशद्वारावर हवी. त्याच वेळी ३०.०६ चा विहित मजकूरही बदलला, त्यामुळे आधी खर्च करून लावलेल्या पाट्या नव्यानं कराव्या लागल्या. १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याचीही गरज उरली नाही; त्या विनापरवाना मंडळींसाठी कलम ३०.०५ ची तिसरी पाटी. म्हणजे आज पिस्तूल पूर्णपणे बाहेर ठेवायचं तर तीन पाट्या. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी मंडळींना दुकानांच्या दारांवर त्या एकाखाली एक दिसतात. घोळ ठरलेले असतात: गडद काचेवर काळी अक्षरं, आपोआप सरकणाऱ्या दारावर लावलेली पाटी दार उघडताच दुसऱ्या काचेमागे जाणं, मागचं दार विसरणं. पाटी बरोबर असेल तर ती न जुमानणाऱ्याला २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही तो बाहेर गेला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड. बारची गोष्ट निराळी: जागेवर प्यायल्या जाणाऱ्या दारूतून ५१ टक्के किंवा जास्त उत्पन्न असेल तर लाल '५१%' ची पाटी लागते, तिथं बंदी कायद्याचीच असते.

मिनेसोटानं २००३ मध्ये आणखी बारकाई केली: एरियल टाइप, दीड इंच उंचीची काळी अक्षरं, किमान १८७ चौरस इंचांची उजळ पार्श्वभूमी, दारापासून चार फुटांच्या आत. इलिनॉयनं २०१३ मध्ये शहाणपणा दाखवला. चार बाय सहा इंचांचं चित्र, बस्स. विस्कॉन्सिननं २०११ मध्ये दुसराच मार्ग धरला. बंदी न घालणाऱ्या मालकाला त्या निर्णयातून उद्भवणाऱ्या दाव्यांपासून संरक्षण दिलं, म्हणजे गप्प राहणंच सोयीचं केलं.

मोठ्या कंपन्यांनी बंदी टाळून 'विनंती' हा शब्द पकडला. सप्टेंबर २०१३ मध्ये स्टारबक्सचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी जाहीर पत्रात कारणही सांगितलं: बंदी घातली तर सशस्त्र गिऱ्हाइकाला अडवायला काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला पुढं जावं लागेल. ही भीती रास्त आहे. २०१४ मध्ये चिपोटले ही खाद्यसाखळी आणि टार्गेट ही दुकानसाखळी यांनी तेच केलं. ३ ऑगस्ट २०१९ ला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये हत्याकांड झालं. त्यात अखेर २३ जीव गेले. महिन्याभरानं वॉलमार्टनं उघडी बंदूक आणू नका असं सांगितलं, परवान्यानं लपवून बाळगलेल्या पिस्तुलाला मात्र हात लावला नाही.

जून २०२२ मध्ये 'ब्रुएन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा घटनात्मक हक्क ठरवला आणि बंधनाला ऐतिहासिक आधार दाखवा, असं बजावलं. त्यावर न्यूयॉर्क, हवाई अशा राज्यांनी नियम उलटा केला: मालकानं स्पष्ट परवानगी दिली नसेल तर बंदूक बाहेर. न्यूयॉर्कचा हा नियम लोकांसाठी खुल्या असलेल्या जागांपुरता अपील न्यायालयात टिकला नाही. हवाईचा नियम सप्टेंबर २०२४ मध्ये नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयानं उचलून धरला. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या जागेत बंदूक नेण्याला मनाई करणारे जुने कायदे त्यानं आधाराला घेतले. आधार दोन: न्यू जर्सीचा १७७१ चा चोरट्या शिकारीविरुद्धचा कायदा आणि लुइझियानाचा १८६५ चा. हा दुसरा आधार बोचणारा आहे, कारण तो गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना जखडून ठेवणाऱ्या कायद्यांपैकी होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे प्रकरण सुनावणीला घेतलं आणि मालकाच्या मौनाचा अर्थ राज्यानं ठरवावा का, हा प्रश्न थेट त्याच्यासमोर गेला.