चित्रित नाटक आणि नाटकावरचा सिनेमा: ‘स्वीनी टॉड’ची दोन रूपं

‘स्वीनी टॉड’ पडद्यावर पाहिलं, असं कुणी सांगितलं की पहिला प्रश्न विचारावा लागतो: कुठलं? १९७९ साली ब्रॉडवेवर आलेली स्टीफन सॉन्डहाइमची ही संगीतिका पडद्यावर दोन अगदी वेगळ्या रूपांत भेटते. १९८२ मध्ये टेलिव्हिजनवर रंगमंचावरच्या प्रयोगाचंच कॅमेऱ्यांनी टिपलेलं चित्रण दाखवलं गेलं. त्यात अँजेला लॅन्सबरी आणि जॉर्ज हर्न आहेत. २००७ मध्ये टिम बर्टनने त्याच संगीतिकेवर सिनेमा केला, जॉनी डेप आणि हेलेना बॉनहॅम कार्टर यांना घेऊन. कथा एकच. लंडनचा न्हावी खोट्या आरोपाखाली हद्दपार होतो, पंधरा वर्षांनी परततो, सूडापायी वेडापिसा होऊन गिऱ्हाइकांचे गळे कापू लागतो आणि खालच्या मजल्यावरची मिसेस लव्हेट त्या मांसाचे ‘मीट पाय’ विकते.

दोन्ही पडद्यावरच दिसत असल्याने लोक त्यांना एकाच तराजूत घालतात आणि मग सिनेमाने गाणी कापली, आवाज लहान केले, अशा तक्रारी सुरू होतात. पण १९८२ चं चित्रण मुळात नाटकच आहे. नट शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असं गातात, विनोदानंतर हशा ओसरेपर्यंत थांबतात आणि तो हशा आपल्यालाही ऐकू येतो. कॅमेरा तिथे फक्त चांगली जागा मिळालेला प्रेक्षक असतो. सिनेमात मात्र आपण कुठे बघायचं, किती जवळून बघायचं आणि किती वेळ, हे सगळं दिग्दर्शक ठरवतो.

रक्तपाताच्या नाटकात हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. ‘जोहाना’ हे दुसऱ्या अंकातलं गाणं घ्या. दुरावलेल्या मुलीची आठवण काढत टॉड हळुवार गातो आणि गाता गाता एकेका गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून वस्तरा फिरवतो. रंगमंचावर रक्त दिसतं, पण ती युक्ती आहे हे आपण जाणून असतो. खुर्ची उलटते, माणूस घसरून खाली गडप होतो आणि त्या यांत्रिक सफाईचं थोडं हसूही येतं. सिनेमात रक्ताची चिळकांडी उडते, देह तळघराच्या फरशीवर डोक्यावर आपटतो, हाड मोडल्याचा आवाज येतो. चाल तीच, शब्द तेच, पण हसू मावळतं. रंगमंचावर रक्त हा संकेत असतो. क्लोजअपमध्ये ते खरं वाटायला लागतं. बर्टनने ते लपवलं नाही, हे मला फार योग्य वाटतं. रक्त आडोशाला ठेवलं असतं तर टॉडबद्दल नुसती सहानुभूती उरली असती.

समूहगान सिनेमातून का गेलं, याचं उत्तरही इथेच आहे. नाटकात समूह थेट प्रेक्षकांकडे बघून टॉडची कहाणी सांगतो. तो सूत्रधारच असतो. त्याच्यामुळे आपण खुनांपासून हातभर लांब राहतो. कॅमेऱ्याने एकदा टॉडच्या डोळ्यांत बघायला सुरुवात केली की मध्ये सूत्रधाराला जागा उरत नाही. बर्टनने समूहगानाची चाल शीर्षकसंगीतात ठेवली, गाणारे काढून टाकले. ‘एपिफनी’ या गाण्याचंही तसंच झालं. रंगमंचावर टॉड वस्तरा उगारून प्रेक्षागृहावरच धावून येतो आणि पुढचा बळी आपल्यातलाच कुणी असू शकतो, असं वाटतं. पडद्यावर तो लंडनच्या रस्त्यांवरून फिरतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याचा पत्ताच नसतो. भीतीची जागा एकटेपणाने घेतलेली असते.

डेपच्या गाण्याला नावं ठेवणाऱ्यांनी मायक्रोफोन कुठे आहे ते बघावं. रंगमंचावरच्या टॉडचा, म्हणजे हर्नचा आवाज अख्खं नाट्यगृह भरून टाकणारा आहे. तोच आवाज वीतभर अंतरावरच्या चेहऱ्याला लावला असता तर ऐकवला नसता. दातओठ खात, जवळजवळ कुजबुजत गाणं सिनेमातच शक्य होतं.

मिसेस लव्हेटकडे राहणाऱ्या टोबीच्या भूमिकेसाठीची निवड मात्र मला सिनेमाची मोठी कमाई वाटते. नाटकात हा भोळा पोरगा प्रौढ नट करतो. सिनेमात तो खरोखरच लहान मुलगा आहे. ‘तुला कुणी इजा करू शकणार नाही’ असं तो मिसेस लव्हेटला गाऊन सांगतो, तेव्हा एक पोर खुनांत सामील असलेल्या बाईला संरक्षण देऊ पाहतंय, हे डोळ्यांनी दिसतं. तिच्या चेहऱ्यावर त्याच क्षणी काय हिशेब चालला आहे, तेही दिसतं.

तोटा झाला तो तरुण जोडीचा, म्हणजे टॉडची मुलगी जोहाना आणि तिच्या प्रेमात पडलेला खलाशी अँथनी यांचा. ‘किस मी’ हे गाणं सिनेमात नाही. पळून जायचा बेत घाईघाईत आखणारी, एकमेकांच्या शब्दांवर शब्द टाकणारी, घाबरलेली आणि हास्यास्पद अशी ती दोघं नाटकात जिवंत वाटतात. सिनेमातल्या अँथनी आणि जोहानाला फक्त देखणे चेहरे उरतात, आणि सिनेमा पाच मिनिटं लांबला असता तरी हे गाणं ठेवायला हवं होतं.