स्वीडिश टेनिसपटूंची दुसरी खेळी

२००३ मध्ये रॉजर फेडररने पहिल्यांदा विम्बल्डन जिंकलं, तेव्हा त्याचा प्रशिक्षक होता पीटर लुंडग्रेन. दीड वर्षाने मरात साफिनने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, तेव्हाही प्रशिक्षकाच्या जागी लुंडग्रेनच होता. २००९ मध्ये फ्रेंच ओपनमध्ये राफाएल नदालला पहिल्यांदाच हरवणाऱ्या रॉबिन सॉडर्लिंगला मॅग्नस नॉर्मन शिकवत होता. लुंडग्रेन आणि नॉर्मन, हे दोघंही निवृत्त स्वीडिश खेळाडू. जेमतेम एक कोटी लोकवस्तीच्या देशातून इतके प्रशिक्षक आले कुठून, याचं उत्तर चाळीसेक वर्षं मागे सापडतं.

सुरुवात ब्योर्न बोर्गपासून करावी लागते, पण त्याची वाट मात्र पुढे कुणी धरली नाही. सहा फ्रेंच आणि सलग पाच विम्बल्डन विजेतेपदं मिळवलेल्या बोर्गला १९८२ मध्ये स्पर्धा कमी करायच्या होत्या. वर्षाला ठरावीक दहा स्पर्धा खेळा, नाहीतर पात्रता फेरीतून या, असा तेव्हाचा नियम. मोंटे कार्लोत तो खरोखरच पात्रता फेरी खेळला. जानेवारी १९८३ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. नंतर त्याचा कपड्यांचा व्यवसाय गाळात गेला. १९९१ मध्ये तो जुनी लाकडी रॅकेट घेऊन मोंटे कार्लोत परतला आणि पहिल्याच फेरीत हरला. २००६ मध्ये तर त्याने विम्बल्डनचे करंडक लिलावात काढले होते, पण शेवटी ते विकले नाहीत. बोर्गच्या नावाची अंतर्वस्त्रं आजही विकली जातात, ही त्यातली त्यात जमेची बाजू.

प्रशिक्षणाची परंपरा त्याच्या नंतरच्या पिढीत रुजली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सिआब या बांधकाम कंपनीने मॅट्स विलँडर, योअकिम नायस्ट्रॉम, अँडर्स यारिड आणि हान्स सिमोनसन या चार तरुणांचा खर्च उचलला. चौघांना मिळून प्रशिक्षक एकच, यॉन-अँडर्स श्योग्रेन. एकत्र प्रवास, एकत्र सराव, आणि स्पर्धेत गाठ पडली तर एकमेकांविरुद्ध सामनाही. टेनिससारख्या एकट्याच्या खेळात ही पद्धत तेव्हा वेगळीच होती. दुसऱ्याच्या खेळातले दोष बघण्याची आणि ते त्याला न दुखावता सांगण्याची सवय त्यांना इथे लागली असणार, असं मला वाटतं.

या संघभावनेचा तडाखा आपणही खाल्ला आहे. डिसेंबर १९८७ मध्ये गोथेनबर्गला डेव्हिस करंडक या देशांच्या संघांमधल्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत विजय अमृतराज, आनंद अमृतराज आणि रमेश कृष्णन यांचा भारतीय संघ स्वीडनकडून ०-५ असा हरला. पुढच्याच वर्षी पुरुष एकेरीची चारही ग्रँड स्लॅम विजेतेपदं स्वीडनकडे गेली: तीन विलँडरची, विम्बल्डन स्टीफन एडबर्गचं.

निवृत्तीनंतर विलँडर समालोचक झाला, अमेरिकेतल्या आयडाहोत स्थिरावला आणि गाडी घेऊन गावोगावच्या क्लबांत हौशी खेळाडूंना शिकवत फिरला. मला तरी या सगळ्यांत त्याचाच संसार हेवा वाटावा असा दिसतो. एडबर्ग गुंतवणुकीच्या व्यवसायात रमला होता. २०१४ मध्ये लहानपणापासून त्याचा चाहता असलेल्या फेडररनेच त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतलं. एडबर्गच्या दोन वर्षांत फेडरर पुन्हा नेटकडे धावू लागला, पण तीन ग्रँड स्लॅम अंतिम सामन्यांत जोकोविचने त्याला अडवलं. दुहेरीतला दिग्गज योनास ब्यॉर्कमनही काही काळ अँडी मरेच्या प्रशिक्षकांच्या चमूत होता.

नॉर्मनची कथा जास्त बोलकी आहे. २०००मध्ये तो जागतिक क्रमवारीत दुसरा होता, त्याच वर्षी फ्रेंच ओपनची अंतिम फेरी खेळला. मग कंबरेच्या आणि गुडघ्याच्या दुखापतींनी २००४ मध्ये त्याला थांबवलं. त्याचा शिष्य सॉडर्लिंगही २०११ मध्ये स्वीडनमधल्या बॉस्टाडची स्पर्धा जिंकून आजारी पडला, तो पुन्हा व्यावसायिक सामना खेळलाच नाही. आता तो स्वतःच्या नावाचे टेनिसचे चेंडू विकतो.

सॉडर्लिंगनंतर त्या तोडीचा स्वीडिश खेळाडू उरला नाही. नॉर्मनने निकलास कुल्टी आणि मिकाएल टिलस्ट्रॉम या जुन्या सहकाऱ्यांबरोबर स्टॉकहोमजवळ डांडेरीडला अकादमी काढली, पण पुढे त्याच्या हाताखाली तीन ग्रँड स्लॅम विजेतेपदं, २०१४ ते २०१६ या काळात, जिंकली ती स्वित्झर्लंडच्या स्टॅन वावरिंकाने.