जोर्वे ते इनामगाव: उत्खननाचा प्रश्न कसा बदलला

महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्या जरासा आधी सुरू होतो, अशीच १९५०पर्यंत समजूत होती. मग संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे गावी तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. १९५०-५१मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथली पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, खणली. लाल अंगावर काळी नक्षी असलेली, तोटीची, खणखणीत भाजलेली भांडी हाती आली. याच खापरांवरून पुढे ‘जोर्वे’ नावाची एक अख्खी संस्कृती ओळखली जाऊ लागली.

खणायची शिस्त मात्र थोडी आधीच आली होती. मोहेंजोदडोच्या उत्खननाच्या काळात वस्तू किती फुटांवर सापडली, एवढ्यावरच तिचा काळ ठरे. पण टेकाड उतरते असते, आणि नंतरचे लोक जुन्या जमिनीत राखेचे खड्डे खणतात; मग एकाच खोलीवर दोन काळांची खापरे शेजारी पडतात. १९४४मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झालेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी थराचा आग्रह धरला: चौकोनी खड्डे घ्या, मध्ये बांध राखा आणि त्यांच्या उभ्या छेदात मातीचा रंग आणि पोत बघून थर लावा. तक्षशिलेत त्यांनी तरुणांना हे शिकवले. १९६०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोळशाचे वय सांगणाऱ्या कार्बन-१४ चाचण्या होऊ लागल्या आणि थरांना सनावळी मिळाली.

उभा खड्डा ‘केव्हा’ ते सांगतो. लोक राहत कसे, हे कळायला आडवे पसरून खणावे लागते. महाराष्ट्रातल्या पुरातत्त्वाचे खरे वळण मला इथे दिसते. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी याच जोर्वे संस्कृतीच्या इनामगावला १९६८ ते १९८३ असे खोदकाम चालले आणि शंभरावर घरे उघडी झाली. प्रौढांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडण्याची तिथे चाल होती. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला पुरुष मिळाला, पाय शाबूत असलेला. हे घर गावप्रमुखाचे असावे, हा तर्क त्यातूनच निघाला.

इसवीसनपूर्व १०००नंतर तिथली ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी त्याचे कारण वाढत्या अवर्षणात शोधले. त्यासाठी जळके दाणे आणि जनावरांची हाडेही खापरांइतक्याच निगुतीने वेचावी लागली.