संशय (न्यायदर्शन)

संशय म्हणजे एकाच वस्तूबद्दल एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी मनात येणं आणि त्यातली खरी कुठली ते ठरत नसणं. रोजच्या मराठीत आपण कुणावर तरी संशय घेतो, पेपरातला 'संशयित' तर थेट माणूसच असतो, पण न्यायदर्शनात, म्हणजे तर्क आणि ज्ञानाची साधनं तपासणाऱ्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेत, संशयित असते ती अजून ठरायची असलेली गोष्ट.

गौतमाच्या न्यायसूत्रांत १६ पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, सांगितलेत. त्यात प्रमाण (ज्ञानाचं साधन) आणि प्रमेय (जाणायची गोष्ट) झाल्यावर लगेच तिसरा नंबर संशयाचा, निर्णय येतो पार नवव्या नंबरवर. भाष्यकार वात्स्यायन म्हणतो की जे माहीतच नाही तिथे न्याय, म्हणजे तर्कशुद्ध युक्तिवाद, चालत नाही आणि जे ठरून गेलंय तिथेही चालत नाही, तो चालतो फक्त संशय असलेल्या गोष्टीत. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण 'संशयात्मा विनश्यति' हे गीतेतलं वाक्य आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं आणि संशयाला विचाराची सुरुवात मानणारी ही बाजू मात्र मागेच राहते.

नेहमीचं उदाहरण 'स्थाणू की पुरुष' हे. तिन्हीसांजेला लांबून काहीतरी उभं दिसतं, उंची माणसाएवढी, पण वाळक्या झाडाचं खोडही तेवढंच असतं ना, मग मन दोन्हीकडे झोके घेतं. जवळ जाऊन हातपाय दिसले की माणूस, ढोली दिसली की खोड. म्हणजे संशयाला कारण लागतं (इथे दोघांची सारखी उंची) आणि फरक दाखवणारी खूण शोधायची ओढही लागते, उगाच 'कशावरून' म्हणत बसणं हा संशय नव्हे. माणसामाणसांतल्या मतभेदातूनही संशय येतो, एक म्हणतो आत्मा आहे, दुसरा म्हणतो नाही.

मग शंका काढत काढत थांबायचं कुठे? मिथिलेच्या उदयनाने न्यायकुसुमांजलीत याचं उत्तर दिलंय: शंका व्याघातापर्यंतच, म्हणजे स्वतःच्याच वागण्याशी विरोध येईपर्यंत. विस्तवामुळे धूर होतो का अशी शंका काढणारा माणूस धूर हवा असला की काड्या गोळा करून विस्तवच पेटवतो, भूक लागली की जेवायलाच बसतो, मग त्याची शंका नुसती तोंडातली राहते. अद्वैत वेदान्ती श्रीहर्षाने पुढे १२व्या शतकात उदयनाचाच श्लोक फिरवून त्याच्यावर टाकला, की विरोध आहे म्हणता ना, मग शंका आहेच, कारण शंकेशिवाय विरोध कुणाशी? यावर नव्यन्याय या न्यायाच्या नव्या परंपरेचा पाया घालणाऱ्या गंगेशाने तत्त्वचिंतामणीत उत्तर दिलं की शंका अडते ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीनेच, आणि नव्यन्यायवाल्यांनी तिथून पुढे या एका मुद्द्यावर टीकांवर टीका लिहिल्या.