दिल्लीतलं 'नॅशनल स्टेडियम' नेमकं कोणतं? ध्यानचंद की नेहरू?

परवा नाशिकहून भाचा अॅथलेटिक्सच्या मीटसाठी दिल्लीला आला, रिक्षावाल्याला म्हणाला नॅशनल स्टेडियम, आणि उतरला थेट इंडिया गेटपाशी. मीट होती जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, तिथून तीन-चार किलोमीटर लांब. हा घोळ खूप जणांचा होतो म्हणून लिहितोय.

इंडिया गेटजवळचं ते मेजर ध्यानचंद नॅशनल स्टेडियम, आणि 'नॅशनल' हे नाव खरं त्याचंच. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून 1933 मध्ये बांधलं, तेव्हा नाव होतं आयर्विन अॅम्फीथिएटर. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती अशी की 26 जानेवारी 1950 ची, म्हणजे प्रजासत्ताक भारताची पहिली परेड इथेच झाली, राजपथावर नाही! आपल्या डोक्यात परेड म्हटलं की तो लांबलचक रस्ताच येतो ना, पण सुरुवात या मैदानातली आहे, आणि हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं याचं मला अजून वाईट वाटतं. मग 1951 ला पहिले एशियन गेम्स, तेव्हाच 'नॅशनल स्टेडियम' हे नाव मिळालं. मुंबईच्या लेव्ही पिंटोंनी त्या गेम्समध्ये 100 आणि 200 मीटर दोन्ही गोल्ड मारली. 1982 च्या एशियाडची हॉकी फायनल पण इथलीच, पाकिस्तानकडून 7-1 ने हरलो, त्या पिढीतल्या माणसासमोर आजही हा स्कोअर काढू नका. ध्यानचंद यांचं नाव 2002 मध्ये दिलं आणि 2010 चा हॉकी वर्ल्ड कपही इथेच झाला. आज हे मुख्यतः हॉकीचं घर आहे, मॅचआधी टर्फवर पाणी मारतात आणि मग बॉल असा सरसर पळतो की नजर ठरत नाही.

दुसरं, जवाहरलाल नेहरू स्टेडियम म्हणजे जेएलएन, हे 1982 च्या एशियाडसाठीच उभं केलेलं. साठेक हजार माणूस बसेल एवढं मोठं, धावायचा ट्रॅक आणि मधे फुटबॉलचं ग्राउंड, वरचं पांढरं छप्पर 2010 च्या कॉमनवेल्थच्या वेळचं. क्रिकेटही झालंय बरं का, 1984 ची भारत-ऑस्ट्रेलिया मॅच ही भारतातली पहिली डे-नाइट वनडे, ती इथेच. पण माझ्यासाठी हे स्टेडियम म्हणजे आपली कविता राऊत! नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची पोरगी, 2010 ला इथल्या ट्रॅकवर 10,000 मीटरमध्ये ब्राँझ, कॉमनवेल्थमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक मेडल मिळवणारी पहिली भारतीय बाई. पंचवीस राउंड मारायचे असतात हो त्या रेसमध्ये.

तर हॉकी असेल तर ध्यानचंद, धावणं-फेकणं किंवा फुटबॉल असेल तर बहुतेक जेएलएन, तरी पासवर पूर्ण नाव वाचा. जेएलएनला व्हायोलेट लाइनवर त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे, ध्यानचंदसाठी ब्लू लाइनचं सुप्रीम कोर्ट, ज्याला जुने लोक अजून प्रगती मैदानच म्हणतात.