थंडीच्या दिवसांतील डबा आणि दाट रसाची लहान डबी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आम्ही जेवणाचे डबे घरपोच देतो आणि काही पदार्थांबरोबर नारळाचा दाट रस वेगळ्या लहान डबीत देतो; तो खाण्यापूर्वी घरी पदार्थात मिसळायचा असतो. तुळशीचे लग्न झाले की आमच्या स्वयंपाकघरातील पदार्थ बदलतात आणि त्याबरोबर सकाळी येणाऱ्या फोनचा विषयही बदलतो. पावसाळ्यात डबा वेळेवर पोचेल का, असे विचारले जाते. कार्तिकापासून माघापर्यंत मात्र एकच प्रश्न असतो : "लहान डबीतला रस गोठून पांढरी ढेप झाली आहे, तो खराब झाला का?" काही ग्राहक विचारण्यापूर्वीच तो टाकून देतात. काही जण ती थंड ढेप तशीच उकळत्या पातेल्यात सोडतात आणि अर्ध्या तासाने मुगांगाठी (मोड आलेल्या मुगांचा नारळाच्या रसातला पदार्थ) फाटल्याचे कळवतात. गेल्या हंगामात सकाळच्या फोडणीच्या वेळी आमच्यापैकी एकाला फोनजवळच बसून राहावे लागले, म्हणून या वर्षी हे पत्रक पहिल्या डब्याबरोबर देत आहोत. ते डबा उघडण्यापूर्वी एकदा वाचावे, ही विनंती.

डबीतील रस गोठणे हे तो खराब झाल्याचे लक्षण नाही. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली घट्ट होते, हे हिवाळ्यात डोक्याला तेल लावणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. नारळाच्या दाट रसात तेच तेल बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात मिसळलेले असते. रस थोडा वेळ हलवला नाही की ते हलके असल्यामुळे वर येते, आणि थंडी लागली की त्याचा पांढरा, टणक थर बनतो. पणजीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान २० अंशांच्या आसपास उतरते. सत्तरी, धारबांदोडा, सांगे या घाटालगतच्या भागांत ते त्याहूनही खाली जाते. म्हणजे फ्रिजमध्ये बारा महिने जे घडते, तेच या दिवसांत स्वयंपाकघराच्या ओट्यावरही घडते. हा थर म्हणजे रसातला सर्वांत चांगला भाग आहे, आणि तो चमच्याने काढून टाकल्यावर खाली उरते ते जवळजवळ पातळ रसासारखे पाणीच.

खराब झालेला रस ओळखणे कठीण नाही. त्याला आंबूस वास येतो, झाकण उघडताना हवा सुटल्यासारखा आवाज होतो, पृष्ठभागावर बुडबुडे दिसतात किंवा रस बोटाला बुळबुळीत लागतो. यांपैकी काहीही आढळले तर तो वापरू नये आणि आम्हाला लगेच कळवावे. त्याची पूर्ण जबाबदारी आमची आहे. केवळ पांढरी ढेप दिसत असेल आणि वास ताज्या खोबऱ्याचा असेल, तर रस उत्तम आहे असे निःशंकपणे समजावे.

आता ज्या चुकीमुळे सर्वांचा वेळ जातो, तिच्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. थंडीत प्रत्येकाला जेवण कढत लागते. म्हणून ग्राहक मोठ्या डब्यातील पदार्थ पातेल्यात ओततात, त्यात गोठलेली ढेप टाकतात आणि गॅस मोठा करून सगळे खदखदा उकळू देतात. रसातील तेलाचे थेंब नारळातल्याच प्रथिनांमुळे पाण्यात वेगवेगळे राहिलेले असतात. उष्णता साधारण ८० अंशांपुढे गेली की ही प्रथिने आकसून गोळा होतात, थेंब एकमेकांना चिकटतात, तेल वर तरंगते आणि खाली दह्यासारखे कण उरतात. पदार्थात आंबट असेल तर हे आणखी लवकर घडते, आणि आपल्याकडे सोले (कोकम) तर जवळजवळ सर्वत्र पडतात. यालाच आपण रस फाटला असे म्हणतो. फाटलेला पदार्थ अपायकारक नसतो, तो खाता येतो. परंतु ज्या मऊ, एकजीव चवीसाठी आपण डबा घेतला, ती चव त्यात राहत नाही.

योग्य पद्धतीला सात-आठ मिनिटेच अधिक लागतात. लहान डबी झाकणासह कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवावी. पाण्यात बोट सुखाने बुडवता आले पाहिजे, इतकेच ते गरम असावे. तेवढ्या वेळात मोठ्या डब्यातील पदार्थ वेगळा गरम करावा. त्यात अजून दाट रस पडलेला नसतो, त्यामुळे तो व्यवस्थित उकळला तरी चालतो, किंबहुना आदल्या दिवशीचा असल्यास उकळलाच पाहिजे. मग गॅस बंद करून दोन मिनिटे थांबावे. तोपर्यंत डबीतील ढेप विरघळलेली असते. ती चमच्याने ढवळून एकसारखी करावी आणि एका हाताने ओतत, दुसऱ्या हाताने ढवळत पातेल्यात घालावी. त्यानंतर पातेले पुन्हा अगदी मंद आचेवर ठेवावे. कडेने बारीक बुडबुडे दिसू लागले आणि वर वाफ धरली की उतरवावे. या वेळी झाकण ठेवू नये, कारण झाकणाखाली पदार्थ कधी उकळू लागला हे कळत नाही. सोले वेगळी बांधून दिलेली असतात, ती उतरवल्यानंतर घालावीत. मायक्रोवेव्ह वापरायचाच असेल तर तो मोठ्या डब्यातील पदार्थापुरताच वापरावा. त्यात रस एका बाजूला उकळतो आणि दुसऱ्या बाजूला गोठलेलाच राहतो, हा अनुभव आम्ही स्वतः घेतलेला आहे.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा रस आम्हीच का मिसळून देत नाही, असे अनेकांनी विचारले आहे आणि प्रश्न रास्त आहे. सुरुवातीच्या वर्षी आम्ही तसेच करत होतो. परंतु फोंड्यातून निघालेला डबा पणजी किंवा वास्कोला पोचेपर्यंत निवतो, घरी तो पुन्हा गरम केला जातो, आणि संध्याकाळी उरलेला पुन्हा एकदा गरम होतो. दुसऱ्यांदा गरम होताना रस हमखास फाटतो. यावर एक सोपा उपाय आहे : रसात थोडे तांदळाचे पीठ कालवले की तो सहसा फाटत नाही. बाजारात मिळणाऱ्या डबाबंद रसातही असेच स्थिर ठेवणारे घटक अनेकदा घातलेले असतात. यात गैर काही नाही आणि घाईच्या घरात ते उपयोगीही आहे. आम्हाला मात्र पिठाने दबलेली चव मान्य नाही. आमचा नारळ पहाटे विळीवर खवला जातो, रस कोमट पाण्यात पिळून काढला जातो आणि त्यात दुसरे काहीही पडत नाही. तो नाजूक आहे, कारण तो केवळ नारळाचा आहे. म्हणून आम्ही लहान डबीचा मार्ग पत्करला, आणि ज्या ग्राहकांनी तो एकदा नीट वापरला, त्यांनी पुन्हा मिसळलेला डबा मागितलेला नाही.

ही काळजी सर्व पदार्थांना लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. खतखते (मिश्र भाज्यांचा पदार्थ) आणि अळसांद्यांचे तोंडाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी) यांत रस नसून वाटप असते, म्हणजे खोबरे पूर्ण वाटून शिजवलेले असते, त्यामुळे ते मनसोक्त उकळावेत. या दोन्हींवर गोठलेल्या तेलाचा पातळ थर दिसू शकतो. तो गरम करताच नाहीसा होतो. खतखते तर दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते, कारण सुरण, मुळा, नीरफणस आणि कणंगे (एक कंद) यांत तिरफळाचा (मसाल्यातल्या सुवासिक फळाचा) वास तोपर्यंत मुरलेला असतो. तिरफळे मात्र चावायची नसतात, ती ताटाच्या कडेला काढावीत. बाहेरगावाहून गोव्यात राहायला आलेल्या ग्राहकांसाठी हे मुद्दाम लिहीत आहोत. कुळथाच्या कढणाला उकळण्याची भीती नाही. उकड्या तांदळाची पेज निवल्यावर घट्ट होते, कारण तांदळातील पिठूळ भाग थंडीत जमून येतो. पेज कमी पाण्यात शिजवली, अशी तक्रार त्यावरून करू नये. तिच्यात थंड पाणी ओतल्यास गुठळ्या राहतात, म्हणून गरम पाणी थोडे थोडे घालून सैल करावी. पेजेबरोबर दिलेला खारातला आंबा धुऊन खाऊ नये. त्याचा खारटपणा पेजेसाठीच आहे आणि पेजेत म्हणूनच आम्ही मीठ घालत नाही.

दाट रसाची डबी फक्त तीन पदार्थांबरोबर येते : मुगांगाठी, मणगणे (डाळीची गोड खीर) आणि नाचणीचे तिझण (पातळ पेय). मुगांगाठीत वाटप आणि रस दोन्ही घालण्याची आमच्या घरची पद्धत आहे. मणगण्याच्या बाबतीत आणखी एक सूचना आहे. त्यात गूळ असतो आणि काही गूळ किंचित आंबट असतो, त्यामुळे रस घातल्यावर मणगणे आचेवर अजिबात ठेवू नये. आधी डाळ, साबुदाणा आणि गूळ एकत्र कढत करून घ्यावे आणि उतरवूनच रस घालावा. तिझण सकाळी पिणाऱ्या वृद्धांसाठी आणि मुलांसाठी आम्ही गूळ कमी घालतो; ज्यांना अधिक गोड हवे असेल त्यांनी आदल्या दिवशी सांगावे.

थंडीसंबंधी आणखी एक गैरसमज आम्हाला गंभीर वाटतो. हवा गार आहे म्हणून डबा रात्रभर ओट्यावर राहिला तरी चालतो, असे अनेक घरांत मानले जाते. २० अंशांना तेल गोठते, परंतु अन्न नासवणारे जंतू त्या तापमानात चांगलेच वाढतात. शिजवलेले अन्न ५ अंशांखाली किंवा ६० अंशांवर ठेवावे, मधल्या तापमानात दोन तासांहून अधिक काळ राहू देऊ नये, हा नियम गोव्याच्या हिवाळ्यालाही तितकाच लागू आहे. संध्याकाळचा डबा लगेच खायचा नसेल तर तो आणि लहान डबी, दोन्ही फ्रिजमध्ये ठेवावीत. फ्रिजमध्येही दाट रस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच वापरावा. तो बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, कारण गोठून सुटल्यावर त्याचे पाणी वेगळे होते.

इतके करूनही रस फाटलाच तर पातेले लगेच उतरवावे, चमचाभर तांदळाचे पीठ कोमट पाण्यात कालवून घालावे आणि रवीने हलके घुसळावे. पूर्वीसारखा तो होणार नाही, पण ताटात वाढण्याजोगा होतो. वर सांगितलेली खराब होण्याची लक्षणे असलेल्या प्रत्येक डबीच्या बदल्यात आम्ही त्याच दिवशी दुसरी देतो. गोठलेली म्हणून टाकलेल्या किंवा उकळल्याने फाटलेल्या डबीची भरपाई मात्र या हंगामापासून करता येणार नाही. नारळाचा भाव पाहता ते आम्हाला परवडत नाही, आणि चांगले अन्न कचऱ्यात गेलेले पाहणे त्याहून जड जाते.

ज्यांना घरच्या घरी सोलकढी किंवा रोसातले (नारळाच्या रसातले) पोहे करायचे आहेत, त्यांना दाट रसाची डबी वेगळीही मिळेल. तिची मागणी आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत नोंदवावी, कारण किती नारळ फोडायचे हे आम्ही रात्रीच ठरवतो आणि उरलेला रस दुसऱ्या दिवशी कोणालाही देत नाही. मार्गशीर्षातील गुरुवारी आणि जत्रांच्या दिवसांत मणगण्याची मागणी बरीच वाढते, त्यासाठी दोन दिवस आधी सांगितल्यास सोयीचे होईल. स्टीलची लहान डबी परत देताना ती कढत पाण्याने धुवावी. थंड पाण्याने झाकणाच्या खाचेतले तेल निघत नाही आणि तेथूनच पुढच्या डबीला खवट वास लागतो.