बांध किती उंच? एका आकड्याची पार्श्वभूमी

किनाऱ्यावरच्या शहराचा हवामान आराखडा कितीही जाडजूड असला, तरी वाद शेवटी एका आकड्यावर येतो: बांध किती उंच हवा? पूर्वी याचं उत्तर सोपं होतं. मागच्या मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं तिथे खूण करायची, वर थोडी भर घालायची आणि पुढच्या पुरापर्यंत निर्धास्त राहायचं.

ही रीत ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री मोडली. उत्तर समुद्रात वादळ आणि उधाणाची भरती एकदमच आली. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर तीनशेहून अधिक. पहाटे हॉलंड्स आयसेल नदीच्या बांधाला नीवेरकेर्क गावापाशी खिंडार पडलं. बांधामागे देशातला सगळ्यात दाट वस्तीचा सखल मुलूख होता. आरी एवेग्रुन नावाच्या नावाड्याने आपली मालवाहू बोट त्या खिंडारातच घातली. पाण्याच्या लोंढ्याने ती आडवी फिरली आणि दार लोटावं तशी बांधाला चिकटून बसली. लाखो लोक त्या रात्री एका बोटीच्या आडोशाने वाचले. नियोजन म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं.

तीन आठवड्यांच्या आत सरकारने डेल्टा समिती नेमली. तिच्यासाठी गणिती डेव्हिड फान दांत्सिख यांनी प्रश्नच बदलला. मागचा पूर किती होता ते सोडा. बांध आणखी वाढवायचा खर्च आणि तो फुटल्यास होणारं नुकसान, या दोन्हींची बेरीज कुठे सर्वांत कमी होते ते पाहा. यातूनच मध्य हॉलंडच्या किनाऱ्यासाठी ‘दहा हजार वर्षांतून एकदा’ हे माप आलं. (हे शब्द फसवे आहेत. पूर दहा हजार वर्षांनी येईल असं ते सांगत नाहीत. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता दहा हजारांत एक, एवढंच.)

पण माणसं या हिशेबात बसेनात. नेदरलँड्सच्या नैर्ऋत्येकडची ओस्टरस्खेल्ड खाडी बांध घालून कायमची बंद करायचं ठरलं, तेव्हा शिंपल्यांवर जगणारे मच्छीमार आणि निसर्गप्रेमी रस्त्यावर आले. अखेर सरसकट बांधाऐवजी ६२ पोलादी दरवाजे बसवले गेले: एरवी उघडे, भरती-ओहोटी आत-बाहेर खेळती, वादळात बंद. हे काम १९८६ मध्ये पुरं झालं, आणि खर्च बराच वाढला. माझ्या मते आजच्या किनारी नियोजनाचं मूळ समितीच्या गणिताइतकंच या भांडणात आहे.

आज हवामान आराखड्यांत सतत दिसणारा ‘रेझिलियन्स’ हा शब्दही बांधकामातला नाही. १९७३ मध्ये सी. एस. हॉलिंग या परिसंस्थाशास्त्रज्ञाने तो जंगलं आणि मासे धक्के कसे सोसतात हे सांगायला वापरला. मराठीत ‘लवचिकता’ म्हणतात. मला ‘तग’ जवळचा वाटतो.

न्यूयॉर्कला तग धरणं म्हणजे काय ते ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळाने विचारलं. भुयारी रेल्वेत पाणी शिरलं, मॅनहॅटनचा खालचा भाग अंधारात गेला. मग ईस्ट नदीकाठच्या बागेने पाणी पोटात घ्यावं आणि भराव मागच्या बाजूला असावा, अशी योजना रहिवाशांबरोबर बसून ठरली. २०१८ मध्ये शहराने ती फिरवली: बागच उचलायची, आधीची झाडं तोडायची. रहिवासी संतापले, खटले झाले, काम तरी सुरू झालं.

इंडोनेशियातल्या जकार्तात तर भूजलाच्या उपशामुळे जमीनच खचते आहे. तिथे बांध बांधून होईतो तोच खाली जातो.

या सगळ्यात लंडनने आकड्याला वेगळ्या तऱ्हेने हात घातला. १९५३ च्या पुरानंतर योजलेले थेम्सवरचे दरवाजे १९८२ पासून वापरात आहेत. २०१३-१४ च्या एकाच हिवाळ्यात ते ५० वेळा बंद करावे लागले. २०१२ च्या आराखड्यात शंभर वर्षांचा आकडा आज ठरवायचं टाळलं. पाणी अमुक एक पातळी गाठेल तेव्हा पुढची पायरी उचलायची, आणि दर काही वर्षांनी समुद्र पुन्हा मोजायचा. २०२३ मध्ये असं मोजल्यावर शहरातल्या नदीकाठच्या भिंती वाढवायची मुदत २०६५ वरून २०५० वर आली.